हात न लावू देणारे डॉक्टर

दिवाळीच्या सुटीनंतर तक्रारअर्ज. जबाबदार : प्रयोगशाळेचा शिपाई ज्ञानोबा. संक्रांतीनंतर परिपत्रक, जबाबदार : संशोधनसंस्थेचे संचालक महाशय. रथसप्तमीस प्रत्यक्ष कृत्य. जबाबदार : तेच संचालक, आणि तिळगुळाचे डबे घेऊन त्यांच्यामागे निघालेला समस्त कर्मचारीवर्ग.

परभणीच्या न्यायालयात पेशकारी करण्यात हयात गेली, त्यामुळे आधी घटनाक्रम आणि मग संताप, हा माझा शिरस्ता आहे. ज्यांच्याबाबत हे घडले ते त्या संस्थेतले संशोधक डॉ. सुदाम माझे भाडेकरू. खोलीची किल्ली त्यांच्या हाती देऊ लागलो, तेव्हा त्यांनी खिशातून पोलादी चिमटा काढला व किल्ली त्याने उचलली. पाथरीच्या एसटीत तिकीटही त्यांनी तसेच घेतले. कंडक्टर म्हणाला, "साहेब, तिकीट हाय, इंचू न्हाई!"

"हात लावू नका" हे त्यांचे पालुपद. याचा खुलासा मी रीतसर मागितला. गच्चीवर वाळत घातलेल्या ज्वारीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "पेशकारसाहेब, पेशीच्या केंद्रकात मूळ हुकूम असतो. त्याची नक्कल बाहेर येते, ती संदेशवाहक आरएनए."

"म्हणजे दस्त कार्यालयात आणि प्रमाणित नक्कल पक्षकाराकडे."

"बरोबर! पण कोरड्या दाण्यात त्या नकलेवर अंमल होत नाही. प्रथिनं तिला गुंडाळून गाठोडं बांधून ठेवतात. पाणी मिळेस्तोवर तहकूब. हे गाठोडं कोण बांधतं अन् कोण सोडतं, एवढंच मी शोधायलोय."

तहकुबीचे प्रकरण ज्वारीच्या दाण्यातही चालते, हे ऐकून माझ्या मनात त्या धान्याविषयी आदर उत्पन्न झाला. "परंतु हातांचा अपराध काय?"

"बोटांवरच्या घामात या नकला खाऊन टाकणारं द्रव्य असतं. एक बोट पडलं की सगळी मेहनत मातीत. डॉक्टरेटनंतरची ही नेमणूक फाल्गुनापर्यंतच आहे. शेवटचा प्रयोग राहिलाय. म्हणून सवय मोडू देत नाही."

ज्ञानोबाने मात्र खुलासा मागितला नाही. तो झरीच्या बागायतदार घरातला. चहाचा कप पुढे केला की डॉक्टर म्हणत, "टेबलावर ठेव. हात लावू नको." अखेर त्याने साऱ्या कचेरीत बोभाटा केला, "आमचा हात चालंना ह्यांना! लय सोवळं हाय!" आणि तसा अर्ज दिला. वाचकहो, डॉ. सुदाम वालूरच्या बौद्ध कुटुंबातले. ज्यांच्या आजोबांच्या ओंजळीत गावाने वरून पाणी ओतले, त्यांच्याविरुद्ध शिवाशिव पाळल्याची तक्रार! असा अर्ज माझ्या उभ्या नोकरीत टेबलावर आला नव्हता.

त्याच संक्रांतीला विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा झाली. संचालकांना सामोपचाराचे भरते आले. तक्रारदाराचा जबाब नाही, प्रतिपक्षाला विचारणा नाही. थेट परिपत्रक निघाले : सर्वांनी रथसप्तमीस प्रयोगशाळेत जाऊन डॉक्टरांना हातात तिळगूळ द्यावा व परस्परस्पर्शाने दुरावा मिटवावा. स्पर्श नेमका कशाला करावा, असा स्पष्ट निर्देश नसल्याने लोकांनी सर्वच वस्तूंना स्पर्श केला. संचालकांनी शीतपेटी उघडली. "हे संशोधन आपल्या सर्वांचं आहे!" असे म्हणून त्यांनी आतल्या, शेवटच्या प्रयोगाच्या नळ्या वाटल्या. तिळाने चिकटलेल्या हातांनी झाकणे उघडली गेली, वास घेतले गेले. ज्ञानोबाने एकीत बोट बुडवून निकाल दिला, "ह्ये तर निस्तं पाणी हाय की!"

डॉक्टर उभे होते.

सायंकाळी हे कळताच मी त्यांच्या खोलीत गेलो आणि, कबूल करतो, ओरडलो. "माझ्या किल्लीला चिमटा, आणि तिथे तोंडाला कुलूप? रोजचेच वाक्य उच्चारायचे होते!"

"आई होती तिथं," ते म्हणाले. प्रयोगशाळा दाखवायला त्यांनी तिला मुद्दाम त्याच दिवशी वालूरहून आणले होते. "संचालक तिळगूळ द्यायला वळले तर तिनं सवयीनं पदर पसरला. त्यांनी पदर बाजूला केला, हातावर ठेवला, अन् हात तसाच धरून ठेवला. ज्ञानोबा तर पाया पडला तिच्या. ती माझ्याकडं बघायली होती, पेशकारसाहेब. त्या घडीला मी 'हात लावू नका' म्हणू?"

आतून म्हातारीचा आवाज आला, "सुदाम, ह्यो तिळगूळ तुह्यासाठी ठिवलाय. खा की."

ती दारात आली. चिमटा टेबलावर पडला होता. डॉक्टरांनी उघडा हात पुढे केला आणि तिची मूठ आपल्या मुठीत कितीतरी वेळ धरून ठेवली.

माझी संचालक महाशयांना जाहीर विचारणा आहे. त्या माउलीचा हात आपण धरलात, याबद्दल आपले आभार मानण्यास मी बांधील आहे व ते मानतो. तथापि त्यासाठी शीतपेटी उघडण्याची गरज नव्हती. एका वाक्याची विचारणा आपण आधी केली असती, तर आईचा मान आणि स्वतःचे काम यांतून एकच निवडण्याची पाळी या माणसावर आली नसती. ती आपण कोणत्या अधिकारात आणलीत? आणि फाल्गुनानंतर त्यांची मुदत वाढवणार आहात की नाही? उत्तर बंद पाकिटातून पाठवू नये. परिपत्रक ज्या फलकावर लावले, त्याच फलकावर, सर्वांना वाचता येईल असे लावावे.