पिवळ्या पट्ट्याची दुसरी ओळ

आमच्या गावात विणताना बोललेलं सगळं लोकरीत राहतं, म्हणून लहान मुलांचे घरी विणलेले स्वेटर आधी नगरपंचायतीला ऐकवावे लागतात. अंगाची ऊब लागली की स्वेटर खालच्या काठापासून बोलू लागतो आणि एकेक ओळ चढत गळ्यापर्यंत येतो. बाजारातले मशीनचे स्वेटर नुसते घरघरतात, त्यांना परवानगी लागत नाही. नवऱ्याचा मफलर मी क्रिकेटच्या दिवसांत विणला होता. तो दर थंडीत तीच मॅच पुन्हा हरतो.

त्यामुळे गावाला एक शिस्त लागली आहे. सुया हातात असताना मनापासूनचं, ठेवण्यासारखं बोलायचं. ओरडायचं असेल तर आधी सुया खाली ठेवायच्या. इथली पोरं आईच्या चेहऱ्याकडे बघतच नाहीत, सुयांकडे बघतात. सुया टेकल्या की पसार होतात.

त्या दिवशी मी सुया खाली ठेवल्या नाहीत.

चिमी तेव्हा नऊ महिन्यांची होती आणि तिला दोन दिवस ताप होता. ती माझ्या मांडीवर किरकिरत होती, आणि तिच्या डोक्यावरून हात नेऊन मी शार्दूलचा स्वेटर विणत होते. शार्दूल पाच वर्षांचा. त्याने लोकरीचा दुसरा गुंडा चार खुर्च्यांना गुंडाळून बस केली होती आणि माझा नमुन्याचा कागद फाडून तिकिटं वाटली होती. स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला. मी म्हणाले, "तू झालाच नसतास तर मी सुखात असते." तोवर सुई टाक्यातून पार गेली होती. पिवळ्या पट्ट्याची दुसरी ओळ.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला ते खरंच वाटलं होतं. शार्दूलने वर पाहिलं नाही, तो बस चालवत होता. त्याचं लक्ष नव्हतं, याचं मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम सुया हातात घेऊन मी त्याची माफी मागितली. ती चौथ्या ओळीत गेली. शेजारच्या कमलकाकूंनी असे पुष्कळ स्वेटर पास करून आणले आहेत. त्या म्हणाल्या, उसवू बिसवू नकोस, वाईटाच्या लगेच वर माफी असली की साहेब कानाडोळा करतात. मी गळ्यापर्यंत विणत गेले.

शाळेत डिसेंबरपासून नगरपंचायतीच्या शिक्क्याशिवाय घरचा स्वेटर चालत नाही, आणि मशीनच्या लोकरीने शार्दूलच्या मानेवर पुरळ उठतं. शिक्क्याची काळजी होतीच. पण सुनावणीला स्वेटर ज्याचा त्याच्याच अंगात लागतो, आणि मला खरी भीती त्याची होती. त्या दिवशी जे त्याच्या कानावरून गेलं, ते आता त्याच्या पोटाशी बोललं जाणार होतं.

श्रवण निरीक्षक गुंजाळ सभ्य माणूस. स्वतः मशीनचाच स्वेटर घालतात, म्हणजे कामात व्यत्यय नको. त्यांनी शार्दूलला स्टुलावर बसवलं, स्वेटर चढवला आणि त्याच्या हातात गरम पाण्याची पिशवी दिली. ती पोटाशी धरली की ओळी भराभर वर सरकतात. चिमीला मी कमलकाकूंकडे ठेवून आले होते, त्यामुळे माझ्या हातांना काही काम नव्हतं.

"दोन सुलट, दोन उलट," काठ माझ्या आवाजात म्हणाला. "शार्दूल, नाकातलं बोट काढ."

"साधा मजकूर," असं म्हणत गुंजाळांनी नोंद केली. मग कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. मग चिमीचं हसणं आलं. मग कमलकाकू आणि मी कुणाच्या तरी सुनेविषयी बराच वेळ बोललो. ते गुंजाळांनी खाली मान घालून ऐकलं आणि 'मुलाशी संबंध नाही' असं लिहिलं. पिवळ्याआधीचा हिरवा रंग संपत आला तसं मी म्हटलं, याला जरा बाहेर नेऊन आणते, त्याला लागली असेल. शार्दूल म्हणाला, नाही लागली. गुंजाळ म्हणाले, सुनावणी मध्ये थांबवता येत नाही.

पिवळ्याची पहिली ओळ चिमीच्या रडण्याची होती. ती संपेचना. मी शार्दूलच्या बुटांकडे बघत राहिले.

मग दुसरी ओळ आली. मी ओरडले होते, असं मला आठवत होतं. स्वेटरमधली बाई ओरडत नव्हती. तिने ते भाव विचारावा तसं शांतपणे सांगितलं.

गुंजाळांनी शार्दूलच्या हातातली पिशवी काढून घेतली, ओळी मोजल्या आणि नमुना सातमध्ये 'वावगा मजकूर, एक' असं लिहिलं. वावगी ओळ उसवल्याशिवाय शिक्का देता येत नाही, आणि ती कार्यालयातच उसवावी लागते. मी म्हटलं, साहेब, फक्त दोन ओळी पुढे ऐका, तिथे माफी आहे. ते म्हणाले, वावग्या ओळीपुढे ऐकायची तरतूद नाही.

"पण वीण वरून उसवते. म्हणजे माफी आधी जाईल."

"सुक्याबरोबर ओलंही जळतं, ताई," गुंजाळ म्हणाले. ते मनापासून म्हणाले.

त्यांनी स्वेटर उतरवून घेतला. शार्दूलला मी माझ्या शालीत गुंडाळलं. गळ्याची गाठ सुटली आणि लोकर टेबलावर येऊ लागली. उसवताना लोकर काही बोलत नाही. खांद्याच्या ओळींत चिमी पहिल्यांदा धरून उभी राहिली होती आणि मी आणि शार्दूल ओरडलो होतो, ते गेलं. छातीवर शार्दूलने मला एक ते वीस म्हणून दाखवलं होतं, अकरा गाळून. ते गेलं. चौथी ओळ गेली. तिसरीही गेली आणि दुसरीचे टाके उघडे पडले.

"काका, हे कशाला काढताय?" शार्दूलने विचारलं.

"आई जे बोलली ते तुला ऐकू येऊ नये म्हणून."

"पण मी तिथंच होतो," शार्दूल म्हणाला. "मी ड्रायव्हर होतो."

गुंजाळांनी नमुना सात उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. "ते आमच्या खात्यात येत नाही, बाळ," ते म्हणाले.

मी पिशवीतून सुया काढल्या, स्वेटर त्यांच्या हातातून घेतला आणि दुसऱ्या ओळीचे उघडे टाके एकेक करून सुईवर चढवले. दोन टाके सुटले, ते पुन्हा धरले. गुंजाळ म्हणाले, "ताई, वावग्या ओळीवर विणलंत तर शिक्का कधीच मिळणार नाही." मी विणायला सुरुवात केली होती.

"तेव्हा मला काही म्हणाला का नाहीस?" मी शार्दूलला विचारलं.

"तुझ्या हातात सुया होत्या ना. मला वाटलं, हे ठेवायचं बोलणं आहे."

मी अर्धी ओळ विणली. गुंजाळांनी खुर्ची मागे सरकवली, पण ते उठले नाहीत.

"ते ठेवायचं नव्हतं," मी म्हटलं. "हे ठेव. तू मला हवा आहेस."

शार्दूलने सुयांकडे पाहिलं. त्या हातातच होत्या.

शिक्का मिळाला नाही. शाळेत तो मशीनचा स्वेटर घालून जातो आणि मी रात्री त्याच्या मानेला खोबरेल लावते. घरचा स्वेटर मी पुन्हा गळ्यापर्यंत विणला, तो रविवारी निघतो. सकाळी घातला की साडेदहाच्या सुमारास पिवळा पट्टा येतो. कुणीही असलं तरी मी उठून जात नाही, तिथेच बसते. चिमी रडते, मग ती बाई शांतपणे आपलं वाक्य बोलते, मग गुंजाळ शिक्का मिळणार नाही म्हणून सांगतात, खुर्ची वाजते.

ती बाई बोलली की शार्दूल गरम पाण्याची पिशवी पोटाशी घट्ट धरतो, म्हणजे वरची ओळ लवकर येते.