हिरव्या शाईचा शिरस्ता

ओंकार, ईशा,

वेबसाइटवरच्या कोडला रंग देण्यासाठी कोणती लायब्ररी, म्हणजे कोणता तयार प्रोग्राम, घ्यावी, यात ओंकारचे आठ दिवस गेले, असे परवा फोनवर कळले. म्हणून हे लिहिते आहे. हा आजार आपल्या घराण्यात जुना आहे. तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाला, प्रल्हादभाऊजींना, तो नव्वदीच्या दशकात आदिलाबादला झाला होता.

भाऊजी उटनूरच्या एका सरकारी कचेरीत अठ्ठावीस वर्षे कारकून होते. निवृत्तीनंतर माणसे देवळाच्या पायरीवर बसतात. यांनी आमच्या ओसरीवर कॉम्प्युटर क्लास काढला. यंत्र एक, विद्यार्थी आठ, आणि गुरुजींचे ज्ञान विद्यार्थ्यांच्या दोन धडे पुढे.

पुढे रंगीत पडदा आला. त्याबरोबर नागपूरच्या व्यापाऱ्याने तीन फ्लॉप्या दिल्या. प्रत्येकीत कोडला आपोआप रंग देणारा प्रोग्राम होता: यंत्राला द्यायच्या हुकमाचे शब्द एका रंगात, आकडे दुसऱ्या. एक ठेवायची, दोन परत करायच्या. शहाण्या माणसाला हे एका दुपारचे काम. भाऊजींनी तीन आठवडे घेतले.

पहिलीत हुकमाचे शब्द निळे होते.

"वयनी, निळी शाई कारकुनाची. हुकूम कारकून देते काय? हिरवी पाह्यजे, साहेबाची. हे शिरस्त्यात बसत नाही."

दुसरीत हुकूम हिरवे निघाले. भाऊजी एक दिवस खूश. मग दिसले की टिपा, म्हणजे माणसांसाठी लिहिलेल्या आणि यंत्र ओलांडून जाते त्या ओळी, फिक्या करड्या आहेत आणि तो रंग बदलत नाही. दोन दिवस जेवणावर लक्ष नाही.

"यंत्र ज्या ओळी वाचतच नाही, त्यांचा रंग कशाला बघायचा?" मी म्हटले. मी सरकारी फाइल चुलीत घातल्यासारखे त्यांनी माझ्याकडे पाहिले.

गुडीहत्नूरहून बसने येणारी सुगंधा शेवटी बोलली, "सर, परीक्षा पंधरा दिवसावर आली. रंग राहू द्या ना, पुढचं शिकवा."

"घाईनं फायली गहाळ होतात, बाई."

त्या आठवड्यात पाच जण बसस्टँडजवळच्या क्लासला गेले. तिथे पडदा काळापांढरा होता आणि अभ्यासक्रम संपलेला होता. उरलेले तिघे गेले की तुमचा क्लास संपला, हे मी भाऊजींना स्पष्ट सुनावले. ते तिसरी फ्लॉपी घालत होते.

तिच्यात रंग आपले आपण निवडता येत होते. सुटलो, असे मला वाटले. भाऊजींनी हुकमांना निळा दिला आणि टिपांना हिरवा.

"साहेबाचा रंग त्या बिनकामाच्या ओळींना? काऊन?" रागात मीही त्यांच्याच बोलीत बोलले.

"अठ्ठावीस वर्सं मी टिपणं लिवली, वयनी. साहेब खाली हिरवी सही करे. वरचं वाचे कोन?" पडद्यावरची नजर त्यांनी काढली नाही.

त्यांच्या नोट्समधले इंग्रजी मी नेहमी सुधारून देत असे. टिपा कधी वाचल्या नव्हत्या, त्या दिवशी पडद्यावर वाचल्या. इंग्रजी अक्षरांत मराठीच होते ते. 'सुगंधाला हे दोनदा सांगितले. पुन्हा विचारले तर रागावू नये.' 'इथे गणपत घाबरतो. आधी त्याच्या हातून करून घ्यावे.' सोडून गेलेल्या पाचांच्याही टिपा तशाच होत्या, एकही पुसलेली नव्हती.

उरलेले तिघे पास झाले. क्लास पुढच्या वर्षी बंद पडला, भाऊजीही आता नाहीत. त्या टिपा असलेल्या त्यांच्या कोडचा एक छापील कागद माझ्या कपाटात आहे. प्रिंटर काळेच छापायचा, म्हणून टिपांवरून त्यांनी हिरवे पेन फिरवले होते. आठही नावे वाचता येतात.