आहेराची हिरवळ

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. खोटी निघाली तर उद्यापासून माझ्या ताटातली शेंगाचटणी बंद. मी स्वतः तिथे नव्हतो, पण सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

जुळे सोलापुरातल्या रामहरीच्या मुलीचं, वैष्णवीचं, लग्न कुर्डुवाडीला ठरलं. त्या आनंदात तो फोनवर व्याह्यांना म्हणून गेला, "या की पंधरा दिवसांनी. चहा लॉनवरच घेऊ."

फोन ठेवून त्याने खिडकीतून लॉनकडे पाहिलं. जागोजागी टक्कल. (डोक्याचा नाद त्याने केव्हाच सोडला होता, पण डोक्यावर कुणी चहाला बसत नाही.)

बायको, मथुराबाई, बहिणीकडे बारा दिवसांसाठी गेली, तसं त्याने उरलंसुरलं गवत खरवडलं, उघड्या जागी नवं बी फेकलं, वर शेणखत भुरभुरलं. पहिल्या सकाळी कबुतरं जेवायला आली. दुसऱ्या सकाळी नातेवाईकांना घेऊन आली. मोबाइलवरच्या व्हिडिओत एक गृहस्थ सांगत होते की बियांवर सुती कापड अंथरा, ओलं ठेवा, सारखं उचलून बघू नका. सोलापुरात सुती कापड म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. घरातल्या जुन्या चादरींना भोकं होती. कपाटात मात्र चार नव्याकोऱ्या निघाल्या, मोरांच्या नक्षीच्या.

नळाला रोज पाणी कुठलं? रामहरी पहाटे बादली घेऊन चादरींवरच अंघोळीला बसू लागला. शेजारच्या सिद्धाप्पांनी कुंपणावरून चौकशी केली, "वहिनी जाताना घराला कुलूप लावून गेल्या व्हय?"

उचलून बघायचं नाही, हे त्याने इमानाने पाळलं. अकराव्या दिवशी मोरांना हिरवी लव फुटली. रामहरीला धन्य वाटलं.

मथुराबाई परतली ती व्याही यायच्या दिवशीच सकाळी, आणि थेट कपाटाकडे गेली.

"आवं, आहेराच्या चादरी कुटं हायत?"

रामहरीने खिडकीबाहेर बोट दाखवलं. दोघांनी मिळून एक टोक ओढलं. गवत चादरीतून आरपार विणलं गेलं होतं. चादर सुटेना, लॉनच उठून यायला लागलं. तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. मथुराबाईने टोक पायाखाली दाबलं आणि पदर सावरला.

व्याही आबासाहेब चहाला बसले. त्यांनी मोरावरून हात फिरवला. परत फिरवला.

"विहीणबाई, जन्म गेला चादरीवर, पण असली गुबगुबीत पयल्यांदाच बघतोय. कुटं मिळती?"

रामहरीने खरं सांगायला तोंड उघडलं. त्याच्या आधी मथुराबाई बोलली, "तुमच्या आहेरासाठीच करून घेतल्यात की. ह्यांनी रोज पहाटे सोता उभं राहून."

मग रामहरीने खुरप्याने चारही चादरी मुळांसकट सोडवल्या आणि गुंडाळ्या करून जीपमध्ये चढवल्या. एकेक गुंडाळी नवरदेवाच्या वजनाची. आठवड्याने आबासाहेबांचा फोन आला, जरा दबक्या आवाजात, "चादर वाढायला लागली हो."

"अस्सल सोलापुरी हाय," रामहरी म्हणाला. "आटत न्हाय."

आबासाहेबांच्या अंगणात आता हिरवंगार लॉन आहे. रामहरीकडे चार टकलं आहेत. आधीची वेडीवाकडी होती, ही मापात आहेत.

आता कबुली. ह्यात मी मनाचं एकच घातलं, ते म्हणजे रामहरी हे नाव. बाकी सगळं खरं. पहाटेच्या अंघोळींची सर्दी मला अजून आहे. या कधी चहाला, बसायला तेवढी आपली चादर आणा. आणि शेंगाचटणीची शपथ मी विचार करूनच घेतली. मथुराबाईने ती त्या दिवसापासूनच बंद केली आहे.