ओट्यावर आलेला रंग

माझी नात प्रणाली हिचा रंग तिला सोडून ओट्यावर राहायला आला. मी तिथेच शेंगा फोडत बसलो होतो. तो म्हणाला, "आबा, जरा सरका." मी सरकलो.

आधी मला त्याचाच संशय आला. लग्नाच्या वयाच्या पोरीला असं सोडून कोण येतं? पण जवळून पाहिला तर माझ्या आईचाच रंग, नाचणीच्या ताज्या भाकरीसारखा. मी त्याच्यापुढे थोड्या शेंगा ठेवल्या.

"बाहेर का आलास?"

"आत जागा राहिली नाही. डबीतलं कुणीतरी राहायला आलंय."

"कोण?"

"नाव सांगत नाही. कमरेपाशी, मूत्रपिंडांत दबा धरून बसलंय."

ती गोरं करणाऱ्या क्रीमची डबी प्रणालीने पार्लरमधून आणली होती. मी ती उलटीसुलटी करून पाहिली. मला वाचायला फारसं येत नाही, पण कोरी जागा कळते. डबीवर काहीच छापलेलं नव्हतं.

"परदेशी आहे," सून रंजना म्हणाली. "मामंजी, तुम्ही यात पडू नका. पोरगी उजळलीय, गालही भरलेत. रविवारी पाहायला येणारेत."

रविवारी पाहुणे आले. मुलाच्या आत्याने पोहे खाता खाता ओट्याकडे मान वळवली. "हा कोण?"

"घरचाच," मी म्हणालो.

"बसू द्या. मुलगी मात्र गोरी हो! अंगानंही भरलेली."

प्रणाली पाया पडायला वाकली आणि तिला उठता येईना. मी तिच्या घोट्यावर अंगठा दाबून उचलला. कणकेत पडावा तसा खळगा पडला आणि तसाच राहिला.

"ही भरलेली नाही, सुजलीय. हिला दवाखान्यात न्यायचंय."

"मामंजी, पाहुण्यांसमोर?"

"तू दाबून बघ."

रंजनाने हात मागे घेतला. प्रणालीने स्वतःच दाबलं. खळग्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "आबा, सकाळी डोळेसुद्धा उघडत नाहीत. लघवीला फेस येतो. आई म्हणाली, लग्नापर्यंत कुणाला सांगू नको."

आत्याने बशी खाली ठेवली.

प्रणालीच्या पायात चप्पल जाईना, म्हणून ती माझी घालून निघाली. डॉक्टरांना दाखवायला मी डबी फडक्यात बांधून घेतली. रंग आमच्या मागोमाग एसटीत चढला आणि आमच्याच बाकावर बसला.

"याचं तिकीट?" कंडक्टरने विचारलं.

प्रणालीने त्याला जवळ ओढलं. "याला कशाला? हा माझाच आहे."

कंडक्टरने दोन तिकिटं दिली आणि तो पुढच्या बाकाकडे गेला.