माफीच्या रीलचे इन्स्पेक्टर

आमच्या शेजारचे दामूकाका रील बघताना मोबाइलच्या काचेला व्हर्निअर लावतात. हो, तोच, कारखान्यात लोखंडाची जाडी मोजायला वापरतात तो. काचेमागे एखादा पोरगा हात जोडून उभा असतो आणि काका त्याच्या दोन तळव्यांमधली फट मोजत असतात.

"फट हाय राव," ते मला सांगतात. "मनापासून जोडलेल्या हातात फट ऱ्हात न्हाई. रिजेक्ट."

काका भोसरीतल्या एका कंपनीत तीस वर्षं क्वालिटीला होते. रिटायर झाले, पण तपासायची खोड गेली नाही. काकूंची चपातीसुद्धा उजेडाकडे धरून बघायचे. काकूंनी एकदा लाटणं दाखवलं, तेव्हा थांबले. आता काकू नाहीत. मुलगा विशाल दीड वर्षापूर्वी चाकणला खोली घेऊन राहायला गेला, तो फिरकलेला नाही. विचारलं की काका म्हणतात, "त्याला ओव्हरटाइम असतो." दीड वर्षात एक सुट्टी न देणारी कंपनी माझ्या पाहण्यात नाही, पण शेजारधर्म म्हणून मी मान हलवतो.

माफीचा रील म्हणजे काय, हे आमच्या भागाबाहेरच्यांना सांगायला हवं. इकडे मिसरूड फुटलं की पोराला रीलमध्ये भाई व्हायचं असतं. भर रस्त्यात गाडीच्या बॉनेटवर केक, मागे दणदणीत गाणं आणि केक कापायला कोयता. त्यानं एक कोयता दाखवला म्हणून हा दोन दाखवतो, आणि एखाद्या दिवशी दाखवायला घेतलेला कोयता खरंच कुणावर तरी चालतो. नशीब बरं असेल तर त्याआधीच पोलीस उचलतात. मग पोलिसांनीच करायला लावलेला त्याच पोराचा दुसरा रील येतो: मान खाली, हात जोडलेले, "माझं चुकलं, असं कुणी करू नका."

पहिल्या रीलवर लाइकचा पाऊस, दुसऱ्यावर टिंगल. आख्खी भोसरी पहिला बघते, काका फक्त दुसरा बघतात. "पयला पीस कुणीबी काढतो," ते म्हणतात. "दुरुस्तीचा पीस बघावा." आणि प्रत्येकाखाली शेरा मारतात.

गेल्या महिन्यात सांगवीच्या एका पोराला त्यांनी लिहिलं: "आवाज कमी. नजर खाली. हातात फट. रिवर्क करून पाठवा." आता काकांच्या प्रोफाइलवर फोटो आहे कंपनीतल्या निरोप समारंभाचा. खाकी शर्ट, छातीवर बिल्ला, झुपकेदार मिशा आणि चेहरा असा की हसलात तर गुन्हा दाखल होईल. पोरगा समजायचं ते समजला.

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट करून मी जिना चढत होतो, तर काका वरूनच हाका मारायला लागले. "ये, ये, आधी ये. बूट ऱ्हाऊ दे. पोरानं रिवर्क केलंय."

खरंच केलं होतं. नवाकोरा रील, आणि खाली लिहिलेलं, "साहेब, आता चालेल का?" मी नाचायचाच बाकी राहिलो. शेजारपाजारच्या बिऱ्हाडांना बोलावलं, कुणीतरी चहा टाकला, आणि काकांनी भरल्या खोलीत रील लावला. व्हर्निअर काचेला भिडला. "बघा, फट न्हाई," काका म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पोरगा सरळ समोर बघत होता. लोकांची माफी मागून झाली. मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि पप्पा, तुमची पण. एवढं होऊन तुम्ही मला घरात घेतलं."

काकांनी मोबाइल उपडा ठेवला. चहा पिऊन लोक गेले, मी बसून राहिलो.

"आमच्या विशालचा बी व्हता असा रील," काका म्हणाले.

हे मला माहीत होतं, आख्ख्या गल्लीला माहीत होतं. त्यांच्या तोंडून मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"दोस्ताच्या बड्डेला कोयता धरला येड्यानं. पोलिसांनी माफी मागायला लावली, सोडलं. सरळ घरी आला. मी आतनं कडी घातली. म्हणलं, कंपनीतल्या लोकांनी बघितलं, माझी मान खाली गेली. लई वेळ उभा व्हता दारात. मग जिना उतरल्याचा आवाज आला." काकांनी चष्मा पुसला. "ओव्हरटाइम बिव्हरटाइम काय न्हाई रे त्याला."

मला फार वाईट वाटलं.

"फोन उचलत न्हाई माझा," काका म्हणाले. "पण रील बघत असंल की. तू काढ माझा एक."

मला एकदम हुरूप आला. त्यांना खिडकीशी उजेडात उभं केलं, कॉलर नीट केली, मोबाइल धरला. काकांनी हात जोडले.

"विशाल, तू दारात व्हतास आन् मी कडी काढली न्हाई. माझं चुकलं. घरी ये."

तेवढंच. काकांनी ते परत बघितलंसुद्धा नाही. "टाक," म्हणाले.

माझा अंगठा अडला. "काका, हे नुसतं विशालला पाठवू. आख्ख्या गावाला कशाला?"

"त्यानं गावासमोर माफी मागितली, तवा मी कडी लावून बसलो व्हतो," काका म्हणाले. "आता माझी बी गावासमोरच जाऊ दे."