शेवटच्या पिंपाची चव

शनिवारी दुपारी जेवायला माणसं येणार होती आणि वाइनरीचे मालक सकाळपासून तळघरात रडत बसले होते.

तसे ते रडणारे गृहस्थ नव्हते. वर्षापूर्वी बायको गेली त्या दिवशीसुद्धा भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी सवयीनं "बसा, काय घेणार?" असं विचारलं होतं, आणि लोकांनी बाहेर जाऊन या माणसाला काळीज नाही असं ठरवून टाकलं होतं. आज मात्र तळघराच्या टोकाला असलेल्या छोट्या पिंपावर डोकं टेकून ते असे काही रडले की डोळे सुजले, आवाज बसला आणि नाक पार चोंदून गेलं. त्यांच्या नाकाचा पंचक्रोशीत दबदबा होता. नुसत्या वासावरून ते द्राक्षं उताराच्या कोणत्या अंगाची आहेत ते सांगत. ते नाक आज, नेमकं आजच, कामातून गेलं होतं.

पिंप मालकीणबाईंचं होतं. गेल्याच्या गेल्या हंगामात दोन मळ्यांची द्राक्षं एकत्र करायचं त्यांच्या मनानं घेतलं. मालकांनी विरोध केला, धंद्यातले दाखले दिले, दोन दिवस अबोलाही धरला. मालकीणबाईंनी ऐकलं नाही. "वर्षभरानं प्या आणि मग बोला," एवढं म्हणून त्यांनी पिंप भरलं. वर्षभर त्या राहिल्याच नाहीत.

आता लाकडी पिंपाची एक खोड असते. आतली वाइन लाकडातून आपोआप थोडी थोडी उडत राहते. जेवढी कमी होईल तेवढी दुसऱ्या पिंपातली घालून ते पुन्हा काठोकाठ भरावं लागतं. नाहीतर वर हवा साठते आणि वाइन आंबून तिचं व्हिनेगर होतं. या धंद्यातलं हे पहिलं शिक्षण, आणि मालक ते नव्या कामगारांना बोट नाचवून देत असत. पण या एका पिंपापाशी ते भांडं घेऊन यायचे, थोडा वेळ उभे राहायचे आणि तसेच परत जायचे. तिच्या हातचं ते, त्यात परकं काही कसं ओतायचं? एवढ्याशा पोकळीनं काय होतंय, असं ते स्वतःची समजूत घालत. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर त्याला त्यांनी उभ्या उभ्या घरी पाठवलं असतं.

आजच्या जेवणावर बरंच काही अवलंबून होतं. वाइनरीला लागून एक जेवणघर होतं आणि दर शनिवारी तिथे लोकांना जेवू घालायचं, ही मालकीणबाईंची हौस. त्या गेल्यापासून ते बंद होतं. दूर शहरात राहणारी लेक वर्षभर मागे लागली होती की आता पुरे झालं, मळा कोणालातरी चालवायला द्या आणि माझ्याकडे राहायला या. मालक म्हणत, मी जेवणघर पुन्हा चालू करणार आहे. लेक म्हणे, तुम्हाला साधं स्वतःचं जेवणखाण सांभाळता येत नाही, पाहुणे कसले सांभाळता. शेवटी ठरलं की एक शनिवार करून दाखवायचा. नीट पार पडला तर मालक इथेच राहतील, फसला तर निमूट बॅग भरतील. आणि त्या शनिवारी तेच पिंप उघडायचं, हे मालकांनी मनाशी कधीच पक्कं केलं होतं.

वास त्यांना येत नव्हता आणि चव त्यांनी मुद्दाम घेतली नाही. पहिला घोट टेबलावर सगळ्यांच्या संगतीत घ्यावा, एकट्यानं नको, असं त्यांना वाटत होतं. सुरया भरून, तोंडावर पाणी मारून ते वर आले.

माणसं थोडीच होती, सगळी घरोब्याची. मालकीणबाईंची धाकटी बहीण, म्हणजे मालकांची मेव्हणी. दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. व्हायोलिन वाजवणारे मास्तर, ज्यांच्या साथीनं मालकीणबाई दर शनिवारी जेवण अर्ध्यावर आलं की गायला उठत. आणि लेक, जी आता वर्षातून दोनदा येत असल्यामुळे पाहुण्यांतच मोडत होती. सूप वाढून झालं. मालकांनी सगळ्यांचे पेले भरले आणि ते बोलायला उभे राहिले. जेवण, वाइन आणि गाणं या तिन्ही गोष्टी एकट्यानं करता येतात, पण एकट्यानं केल्या की त्यांची नुसती सवय होते, आनंद होत नाही, अशा अर्थाचं ते बरंच काही बोलले. एरवी मालकीणबाई टेबलाखालून पाय मारून त्यांना थांबवत. आज पाय मारायला कोणी नव्हतं, त्यामुळे भाषण लांबलं आणि सूप निवलं.

"ही तिच्या हातची शेवटची," ते शेवटी म्हणाले. "घ्या."

घरच्या माणसानं पाहुण्यांची पोटं भरल्याशिवाय पेल्याला हात लावायचा नाही, हा मालकीणबाईंचा दंडक होता. त्यामुळे मालक सुरई हातात धरून सगळ्यांची तोंडं पाहत उभे राहिले.

मेव्हणीनं घोट घेतला, डोळे घट्ट मिटले, आणि तिचं अंग शहारलं. डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं. बहीण आठवली बिचारीला, असं वाटून मालकांनाही भरून आलं. डॉक्टर बराच वेळ जीभ दातांवरून फिरवत राहिले. मालकांना वाटलं, जाणकार माणूस आहे, चव घोळवतोय. मास्तरांना मोठा ठसका लागला, पण म्हातारे झालेत ते.

"कशी झालीय?" मालकांनी विचारलं.

मेव्हणीनं रुमालानं डोळे टिपले. मग मालकांच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. "भावोजी, ताई अगदी समोर उभी राहिली," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाले की असं काही ते जन्मात प्यालेले नाहीत. यात खोटं काहीच नव्हतं. मास्तरांनी नुसता हात वर केला. लेक मात्र पेला खाली ठेवून वडिलांकडे बघत राहिली. तिनं तोंड उघडलं, मिटलं आणि मग हळूच म्हणाली, "छान आहे, बाबा." मालकांना कोण आनंद झाला. ही पोरगी आईसारखीच हट्टी, तिच्या तोंडून चांगलं म्हणवून घेणं सोपं काम नव्हतं.

इथून पुढे गाडी घसरणीलाच लागली. मालकीणबाईंचा दुसरा दंडक असा की पाहुण्याचा पेला रिकामा दिसता कामा नये. मास्तरांनी एकदाचं संपवून मोकळं व्हावं म्हणून डोळे मिटून पेला उपडा केला, तर मालकांनी तो लगेच पुन्हा काठोकाठ भरला. ते पाहून बाकीचे सावध झाले. डॉक्टरांच्या बायकोनं आपला पेला थोडा थोडा करून सुपात रिता केला आणि मग ते सूप प्यायची पाळी तिच्यावरच आली. मेव्हणीनं पावाचे तुकडे बुडवायला सुरुवात केली. डॉक्टर तर रुग्णांना ज्या गोष्टींपासून दूर राहायला सांगत त्यातली सर्वांत वाईट गोष्ट स्वतः घोट घोट घेत होते आणि मध्ये पाण्यानं हळूच चूळ भरत होते. आत स्वयंपाकीणबाईंनी सुरईतलं थोडं चाखलं, मालकांनी ती कशासाठी पाठवली असेल याचा त्यांच्या परीनं अंदाज केला, आणि सॅलडवर सढळ हातानं ओतलं. सॅलडची फार तारीफ झाली. त्या टेबलावर दुपारभरात झालेली ती एकच खरी तारीफ होती.

मालकांना तर आभाळ ठेंगणं झालं. जाताना प्रत्येकानं दोन दोन बाटल्या न्यायच्या, असं त्यांनी जाहीर केलं. नको, नको, ही तुमची ठेव आहे, तुम्हालाच राहू दे, असा एकच गलका झाला. माणसं किती निःस्वार्थी असतात, असं मालकांच्या मनात आलं, आणि त्यांनी आग्रह वाढवला.

मग मास्तरांनी व्हायोलिन काढलं. नेहमीचीच चाल होती. सुरुवातीचा तुकडा संपला आणि जिथे मालकीणबाई आवाज लावत तिथे मास्तरांचा हात थांबला. मुद्दाम नव्हे, इतक्या वर्षांच्या सवयीनं थांबला. टेबलावर सगळेच क्षणभर वाट पाहत राहिले. चमचे हवेत राहिले. कोणी गायलं नाही. मास्तरांनी खाली मान घालून चाल पुढे नेली, आणि मालकांना ते सहन होईना, म्हणून त्यांनी समोरचा पेला उचलून तोंडाला लावला.

ती चव कळायला नाक लागत नव्हतं. घशातून जळत गेलं ते शुद्ध व्हिनेगर होतं. आणि ते कोणी केलं हेही त्यांना त्याच क्षणी कळलं. बायकोचं काही चुकलं नव्हतं. वर्षभर दर आठवड्याला भांडं घेऊन तिच्या पिंपापाशी आलेल्या आणि तसंच परत गेलेल्या माणसानं तिची वाइन मारली होती.

त्यांनी टेबलावर नजर फिरवली. ओला पाव, मास्तरांचे पाणावलेले डोळे, डॉक्टरांचा संपत आलेला पाण्याचा जग. ही माणसं तासभर आपल्यासाठी हे पीत होती. आता बोललो तर सगळ्यांना मेल्याहून मेल्यासारखं होईल. मालकांनी उरलेला पेला शांतपणे संपवला. "छान झालीय," ते म्हणाले.

टेबलावर अवकळा पसरली. इतका वेळ सगळे मालकांना सांभाळून घेत होते, पण ज्या माणसाच्या जिभेवर ही वाइनरी उभी होती त्याला व्हिनेगर कळत नाही, हे भलतंच होतं. मेव्हणीनं छातीवर हात ठेवला. डॉक्टर बायकोच्या कानात काहीतरी पुटपुटले, त्यात 'धक्का' आणि 'मेंदू' हे शब्द ऐकू आले. लेक उठली आणि वडिलांच्या दंडाला धरून त्यांना स्वयंपाकघरामागच्या कोठीत घेऊन गेली.

"बाबा, मी आता तुमचं काही ऐकणार नाही," ती म्हणाली. "तुम्हाला चव कळेनाशी झालीय. अशा अवस्थेत मी तुम्हाला इथे एकटं ठेवणार नाही."

"कळली मला."

"काय कळली?"

"व्हिनेगर आहे. पहिल्या थेंबाला कळलं."

लेक बघतच राहिली. "मग छान आहे म्हणालात ते?"

"तू का म्हणालीस?" मालकांनी विचारलं. "तुला तर जिंकायचं होतं. एका शब्दात जिंकली असतीस."

लेक पोत्यावर बसली आणि रडायला लागली. मालक तिच्या शेजारी बसले. आई गेल्यापासून दोघं फोनवर नुसतं भांडत आली होती, एकत्र रडायचं राहूनच गेलं होतं. "तिनं पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं असतं," मालक म्हणाले. "पेला माझ्यापुढे सरकवून म्हणाली असती, हे तुम्हीच प्या. या घरात मला खरं सांगणारं तेवढं एकच माणूस होतं गं." आणि एवढं बोलून ते उठले, कारण पाहुणे टेबलावर टाकून यजमानानं कोठीत बसणं शोभत नाही.

बाहेर येऊन त्यांनी सरळ सांगून टाकलं. हे व्हिनेगर आहे, चूक माझी आहे, मला माफ करा. पण पाहुणे कसले ऐकतात. छे छे, काहीतरीच काय, उत्तम आहे, जरा वेगळी आहे इतकंच, असं म्हणत जो तो वाइनची बाजू मांडायला लागला. मास्तरांनी तर पुरावा म्हणून पेला पुन्हा पुढे केला. मालक खुर्चीत मटकन बसले. ते लोकांना जेवू घालत नव्हते, लोक त्यांना भरवत होते. "मग जेवणघर बंदच केलेलं बरं," ते म्हणाले. "पाहुण्यांना जेवणाला नावं ठेवायचीसुद्धा चोरी असेल तर कसला पाहुणचार."

"भयंकर आहे," दारातून लेक म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. तिचे डोळे लाल होते. "बाबा, भयंकर आहे हे. घसा जळतोय माझा. आणि तुमच्या भाषणात सूप थंड झालं."

मग मेव्हणीनं पेला दूर सारला. "खरं सांगू भावोजी? सुपात मीठही नव्हतं." डॉक्टर म्हणाले की माझे दात आंबलेत आणि कोंबडी आता चावता येणार नाही, तशी ती आधीही चावली जात नव्हती. त्यांच्या बायकोनं खुर्ची कुरकुरते म्हणून सांगितलं. स्वयंपाकीणबाई आतून येऊन म्हणाल्या की मिठाचा डबा मालकांनी कुठे ठेवला ते कोणी मला सांगेल का. मास्तरांनी व्हायोलिनची एक तार दुपारपासून उतरलेली असल्याचं कबूल केलं. सगळे एकदम बोलू लागले, एकमेकांचं तोडून बोलू लागले, आणि ते बंद जेवणघर वर्षानंतर पहिल्यांदा पूर्वीसारखं वाजायला लागलं. मालकांनी सुरया उचलून नेल्या आणि साधी, यंदाची वाइन आणून ओतली. तिलाही दोघांनी नावं ठेवली. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत कोणी उठायचं नाव घेतलं नाही, आणि जाताना मेव्हणीनं पुढच्या शनिवारी मीठ मी घेऊन येते असं बजावलं.

पाहुणे गेल्यावर लेक वडिलांना शोधत तळघरात उतरली. मालक त्या पिंपापाशी उभे होते.

"ओतून टाकायचं ना हे?" तिनं जपून विचारलं. "तुम्ही वर जा. मी करते."

मालकांनी नकारार्थी मान हलवली. "चांगली निघाली असती तर आज संपली असती," ते म्हणाले. "सगळ्यांनी वाहवा करून दोन तासांत संपवली असती, आणि मग माझ्याकडे तिच्या हातचं काहीच उरलं नसतं. व्हिनेगर नासत नाही. हे आता तुझ्या म्हातारपणापर्यंत पुरेल." एवढं बोलून ते तोंड फिरवून उभे राहिले.

पिंपाचं बूच शेजारी पडलं होतं. लेकीनं ते पदराला पुसावं तसं ओढणीला पुसलं, भोकात बसवलं आणि हवा शिरू नये म्हणून तळहातानं जोर लावून घट्ट केलं. आता हवा शिरली काय आणि न शिरली काय, त्या पिंपाला काही फरक पडणार नव्हता. मालकांना हे ठाऊक होतं, पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कोणाला समजावून सांगितलं नाही.