पाहुणे म्हणतात

डॉ. न्यार्को मौखिक साहित्य शिकवायच्या आणि त्यांच्या वर्गात कुणीही वेळेवर येत नसे. नियमांचा कागद त्यांनी दारावर लावून पाहिला, तो मुलांनी येताजाता कौतुकाने वाचला. दार बंद करून पाहिलं, तर मुलं खिडकीतून आली. शेवटी बाईंना वाटलं, आपण शिकवतो आपल्या आशांती लोकांची रीत आणि नियम मात्र आणतो परक्यांचे. इथेच आपलं चुकतंय.

म्हणून नवा नियम निघाला. उशिरा येणारा पाहुणा समजला जाईल, मग तो कुणीही असो. त्याला खुर्ची मिळेल, प्यायला पाण्याची पिशवी मिळेल आणि मग येण्याचं कारण विचारलं जाईल. कारण मात्र बाईंना थेट सांगायचं नाही. दरबारात जसा राजाशी थेट कुणी बोलत नाही, शब्द ओच्यामेच्या, म्हणजे दरबारी मध्यस्थाच्या, तोंडून जातो, तसंच इथेही. आणि निघताना वाट मागायची, परवानगी मिळाली तरच जायचं. एवढ्या सोपस्काराने कुणालाही लाज वाटेल, असा बाईंचा हिशेब होता.

ओच्यामे म्हणून वर्गाची प्रतिनिधी पोकुआ हिला नेमलं आणि तिथेच सगळं फिसकटलं. कारण ओच्यामेचं काम नुसता निरोप पोचवणं नव्हे, तो गोड करून पोचवणं. आणि पोकुआच्या जिभेवर साखरेचं पोतंच होतं.

"झोप लागली होती," एवढंच एकजण म्हणाला.

"मॅडम, ऐका," पोकुआ हातातली छत्री राजदंडासारखी रोवून म्हणाली. "पाहुणे म्हणतात, काल तुम्ही सांगितलेली गोष्ट इतकी खोल होती की रात्रभर ते तिच्यातून वर येऊ शकले नाहीत."

"अगदी!" वर्ग ओरडला.

झालं! आपला आळस इतका देखणा दिसतो हे कळल्यावर वेळेवर येण्यात काय राम उरला? मुलं मुद्दाम उशिरा येऊ लागली. शेजारच्या अर्थशास्त्राच्या वर्गातली दोघंतिघं नुसती कारण सांगायला येऊन जायची. एक दिवस घंटा झाली तेव्हा वर्गात बाई, पोकुआ आणि चष्मेवाला एबेनेझर एवढेच होते आणि एबेनेझर बिचारा लवकर आल्याबद्दल माफी मागत होता. शिकवणं पहिल्या पानावरच अडकलं.

त्यातच डीनचा निरोप आला: गुरुवारी नऊ वाजता तपासणी. बाईंची नोकरी अजून पक्की झाली नव्हती. डीन प्रोफेसर ओपाँग यांचा शेरा वाईट पडला तर सामान बांधून पुन्हा सुन्यानी शहरातल्या शाळेत व्याकरण शिकवायला जावं लागणार होतं. बाईंना अन्न गोड लागेना.

"लेकरांनो, हात जोडते," त्या म्हणाल्या. "गुरुवारी तेवढे वेळेवर या रे!"

मुलं मनाने चांगली होती. गुरुवारी नऊच्या आत झाडून सगळी हजर, चर्चला निघाल्यासारखी नटून. एबेनेझरने तर टाय लावला होता. वर्ग इतका शांत की पंख्याची करकर ऐकू येत होती. बाईंना भरून आलं. सगळे आले, आले नाहीत ते फक्त डीन.

ते आले साडेनऊला, घाम पुसत. बाई लगबगीने उठल्या, पण पोकुआ त्यांच्याही आधी उठली होती.

"पोकुआ, नको!" बाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"मॅडम, कुणीही असो, असं तुम्हीच म्हणालात." तिने खुर्ची पुढे केली आणि पाण्याची पिशवी डीनच्या हातात ठेवली. "बसा, पाहुणे. इथे सगळं क्षेम आहे. वाट चालून तुम्ही आलात, तेव्हा येण्याचं कारण तुम्ही सांगा."

ओपाँग जुन्या घराण्यातले. पाणी पुढे आलं की नाही म्हणायचं नाही हे त्यांच्या अंगात भिनलेलं. ते मुकाट्याने बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "डॉ. न्यार्को, मी एवढंच सांगायला..."

"ओच्यामेला! ओच्यामेला सांगा!" वर्ग गरजला.

डीन दचकून पोकुआकडे वळले. "बरं बाई, तुला सांगतो. मला बैठकीला जायचंय. आज तपासणी होणार नाही."

"मॅडम, ऐका. पाहुणे म्हणतात, या वर्गाची शिस्त दारातूनच पाहिली. अशा बाईंची कसली तपासणी करायची? तपासणी होणार नाही!"

"अगदी!"

"अगं, तसं नाही! पुढच्या गुरुवारी होणार आहे!"

"पाहुणे म्हणतात, नेमणुकीवर सही पुढच्या गुरुवारी करणार होतो, पण आता दम निघत नाही."

"सही? मी सहीचं नाव तरी काढलं का?"

"पाहुणे म्हणतात, केलेल्या उपकाराचं नावही काढायची त्यांना सवय नाही."

वर्गाने बाकं बडवली. एबेनेझर टाय सोडून हवेत फिरवू लागला. बाईंनी डोळे मिटून घेतले, त्यांना सुन्यानीची शाळा स्पष्ट दिसत होती. डीनने तोंड उघडलं, पोकुआने उत्सुकतेने कान पुढे केला आणि डीनने तोंड मिटलं. आणखी काही बोललो तर घरदार बाईंच्या नावावर होईल, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी रीतसर वाट मागितली, ती मिळाली आणि ते बाहेर पडले.

बाई त्यांच्यामागे व्हरांड्यात धावल्या. "सर, पोरांचा पोरकटपणा हो! मी सगळ्यांना सांगते, तुम्ही असं काही म्हणालाच नाहीत."

"खबरदार!" डीन म्हणाले. "ओच्यामेला चारचौघांत खोटं पाडायचं? माझी आई मला घरात घेणार नाही. कागद पाठवा, सही करतो."

बाई आभार मानून वर्गाकडे वळल्या. डीन मात्र तिथेच घुटमळले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

"ती मुलगी उद्या मोकळी असते का हो?"

"का सर?"

"कुलगुरूंकडे माझी मुदतवाढ अडकलीय. दोनदा जाऊन आलो, पण दोन्ही वेळा मी स्वतःच बोललो."